स्पेनच्या खेड्यात दारात अनोळखी कुत्रं आलं तर

आपल्याकडून स्पेनच्या खेड्यात राहायला गेलेला माणूस पहिली चूक हमखास करतो. दारात आलेल्या कुत्र्याला तो पोळीचा तुकडा टाकतो आणि विषय तिथेच संपला असं समजतो. आपल्याकडे ते चालून जातं, कारण गल्लीतलं कुत्रं गल्लीचंच असतं. नसबंदी करून, लस टोचून त्याला पुन्हा त्याच जागी आणून सोडायचं, अशी आपल्या नियमांचीच रीत आहे. स्पेनमध्ये ती रीत फक्त मांजरांना लागू आहे. गल्लीचं कुत्रं ही गोष्टच तिथे नाही. मोकळं फिरणारं प्रत्येक कुत्रं कुणाचं तरी असतं: आत्ता कुणाचं तरी, नाहीतर कालपर्यंत कुणाचं तरी. म्हणून खाऊ घालण्याआधी ते कुणाचं आहे ते शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

खेड्यात एकटं दिसलेलं कुत्रं भटकंच असतं असं नाही. शेजाऱ्याचं म्हातारं कुत्रं सकाळी बेकरीपर्यंत जाऊन परत येत असतं. नियमाप्रमाणे तसं सोडायची परवानगी नाही, पण सवयी कायद्यापेक्षा जुन्या असतात. कुत्रं ठरलेल्या वाटेने, शेपूट सैल ठेवून, तुमच्याकडे दुर्लक्ष करून चाललं असेल तर त्याला जाऊ द्या. ते एकाच जागी घुटमळत असेल, प्रत्येक गाडीमागे धावून थांबत असेल किंवा रात्रीही तिथेच असेल, तर मात्र काहीतरी चुकलं आहे.

कळपाजवळचं मोठं, जाड कातड्याचं, लोंबत्या ओठांचं कुत्रं म्हणजे मास्तीन. तो मेंढ्यांचा राखणदार आहे. मेंढपाळ दिसत नसला तरी मास्तीन कामावर असतो. काहींच्या गळ्यात लांडग्यापासून बचावाचा काटेरी पट्टा असतो, त्याला कारलांका म्हणतात. याला पकडायला जायचं नाही, खायला द्यायचं नाही आणि कळपातून वाट काढायची नाही. तो भुंकत समोर आला तर थांबा, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला आणि पाठ न दाखवता मागे सरून कळपाला लांबून वळसा घाला. सायकलवर असाल तर उतरून सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. पळालात तर तो मागे लागणारच.

तिसरी जात शिकारी कुत्र्यांची. सडपातळ, लांब पायांचा तो गाल्गो. उभ्या मोठ्या कानांचा, तांबूस-पांढरा तो पोदेन्को. शिकारीचा मुख्य हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतो, तारखा प्रांताप्रमाणे बदलतात. नोव्हेंबरातल्या रविवारी संध्याकाळी चिखलाने माखलेलं, नारिंगी पट्ट्याचं कुत्रं दारात आलं तर बहुतेक ते दुपारच्या शिकारीत चुकलेलं असतं आणि मालक त्याला शोधत असतो. पट्ट्यावर फोन नंबर असतो, कधी मार्करने लिहिलेला, कधी पितळी पट्टीवर कोरलेला. वर काडीसारखी अँटेना असलेला पट्टा जीपीएसचा असतो. तो काढू नका. त्यावरूनच मालक येणार असतो, आणि तो काढून ठेवलेला सापडला तर तुम्हीच चोर ठरता. फेब्रुवारी-मार्चमध्ये विनापट्ट्याचा, बुजरा गाल्गो दिसला तर गोष्ट वेगळी. हंगाम संपला की काही कुत्री सोडून दिली जातात, हे तिथलं जुनं दुखणं आहे.

गाल्गोकडे बघून उपासमारीचा अंदाज काढताना नवखे फसतात. धडधाकट गाल्गोच्याही बरगड्या दिसतात. बघायचं ते कमरेचं हाड आणि मांडी. कमरेची दोन्ही हाडं टोकदार वर आली असतील आणि मांडीचा स्नायू बसका झाला असेल, तर तो खरंच उपाशी आहे. मादी असेल तर सड बघा. ते लोंबते, दुधाने भरलेले असतील तर जवळपास पिल्लं आहेत. तिला आधी उचलून नेलंत तर पिल्लं मरतील. ती कुठे परत जाते ते लांबून बघा, मग सगळ्यांना एकदम हलवा.

पकडणं

आपलं «यू यू» तिथल्या कुत्र्याला कळत नाही, आणि «हाड» म्हटलेलंही कळत नाही. «बेन» म्हणजे ये, «तोमा» म्हणजे घे, «किएतो» म्हणजे थांब. पण शब्दांपेक्षा अंगाची ठेवण महत्त्वाची. समोरून चालत जाऊ नका, डोळ्यांत बघू नका, वरून हात पुढे करू नका. एक खूण मात्र दोन्ही देशांत सारखीच वाचली जाते: माणूस जमिनीकडे वाकला की तो दगड उचलतोय. म्हणून एकदम वाकायचं नाही. चार-पाच मीटरवर कुत्र्याकडे कूस करून हळूच बसा आणि खाण्याचा तुकडा हात खालून फिरवून टाका. पहिला तुकडा त्याच्याजवळ, पुढचे थोडे थोडे अलीकडे. याला अर्धा तास लागतो, कधी तीन दिवस लागतात. घाई करून एकदा धरायला झडप घातलीत आणि कुत्रं निसटलं, तर दुसऱ्यांदा ते पन्नास मीटरच्या आत येत नाही.

ओठ चाटणं, जांभई, मान वळवणं, शेपूट पोटाखाली: हे भ्यालेलं कुत्रं आहे, त्याला वेळ द्या. अंग ताठ, वजन पुढच्या पायांवर, नजर रोखलेली आणि आवाज नाही: इथे थांबा आणि मागे या. गुरगुरणाऱ्यापेक्षा गप्प ताठ उभं राहिलेलं जास्त धोक्याचं.

दोर दोन मीटरचा, बोटाएवढा जाड घ्या. एका टोकाला कडी बांधून दुसरं टोक त्यातून ओढलं की फास तयार होतो. फासावर एक गाठ मारून ठेवा, म्हणजे तो गळा आवळण्याइतका घट्ट होणार नाही. साधा गळपट्टा गाल्गोला चालत नाही. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद असते, तो मागे सरकला की पट्टा कानांवरून मोकळा. ओढल्यावर मर्यादेत आवळणारा रुंद पट्टा वापरा, किंवा पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही एकदम. अंगण कुंपणाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दीड मीटरची भिंत गाल्गो सहज ओलांडतो.

पिटबुल टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर, रॉटवायलर, दोगो आर्खेन्तिनो, फिला ब्राझिलेरो, तोसा आणि अकिता या आठ जाती धोकादायक वर्गात मोडतात. त्यांना बाहेर नेण्यासाठी परवाना, किमान 1,20,000 युरोंचा विमा, तोंडाला मुसकं आणि दोन मीटरपेक्षा आखूड पट्टा लागतो. असं कुत्रं स्वतः दोरीला धरून गावातून न्यायचं नाही. फोन करायचा.

कुत्रं महामार्गावर असेल तर कुणीही गाडी थांबवून धावू नये. 112 ला फोन करून रस्त्याचं नाव, किलोमीटरचा दगड आणि दिशा सांगा. एवढं पुरतं.

पहिली रात्र

कुत्र्याला घरातल्या जनावरांपासून वेगळं ठेवा. गॅरेज, कोठार, धुण्याची खोली, काहीही चालेल, पण आधी कोपरे तपासा. जुन्या शेतघरांत उंदरांचं औषध आणि गोगलगाईंचे निळे दाणे हमखास पडलेले असतात, आणि दोन्ही कुत्र्याला मारतात. भांडी वेगळी, हात साबणाने धुतलेले, आणि तुमच्या कुत्र्याशी ओळख किमान दोन आठवडे नाही. पार्व्होसारखा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार बाहेर पडायला तेवढा वेळ लागू शकतो.

पाणी लगेच, पण आधी वाटीभर, दहा मिनिटांनी पुन्हा. खाण्याच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घातलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत ते दगावू शकतं. हिशेब असा: 20 किलोच्या कुत्र्याला नुसतं जिवंत राहायला दिवसाला सुमारे 660 कॅलरी लागतात, म्हणजे साधारण 180 ग्रॅम कोरडं डॉग फूड. पहिल्या दिवशी त्याच्या फक्त पाव हिस्सा, म्हणजे 45 ग्रॅमच्या आसपास, तेही चार-पाच वेळा विभागून. एका वेळी जेमतेम नऊ ते अकरा ग्रॅम. मग रोज पाव पाव वाढवत चौथ्या दिवशी पूर्ण माप. कुत्रं केविलवाणं बघतं, पण माप वाढवू नका. डॉग फूड नसेल तर उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-मसाला काहीही न घालता. आपल्या घरातलं उरलेलं वरण किंवा रस्सा नको: त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि स्पेनच्या खेड्यात सप्टेंबरात द्राक्षं सगळीकडे पडलेली असतात. शिजवलेली हाडं नकोत. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर अजिबात नको.

गोचीड असतील तर चिमट्याने, कातड्यालगत धरून, सरळ ओढून काढा. तेल, रॉकेल, काडेपेटी हे उपाय सोडा. आणि घरात मांजर असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कुत्र्याच्या मानेवर घालायच्या थेंबांत बऱ्याचदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला मारतं. औषध घातलेलं कुत्रं आणि मांजर एका गादीवर झोपलं तरी पुरतं.

चिप वाचून घेणं

दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं काम हेच. कुत्र्याच्या मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, ओळख-नंबराची चिप असायला हवी. ती पशुवैद्याकडे, पोलिसीया लोकालकडे, म्हणजे गावच्या पोलिसांकडे, किंवा ग्वार्दिया सिविल या राष्ट्रीय पोलीस दलाच्या काही ठाण्यांत वाचता येते. नुसतं वाचायचे सहसा पैसे घेत नाहीत. विचारायचं: «ए एनकोन्त्रादो उन पेर्रो. पुएदे पासार्ले एल लेक्तोर?» कुत्रं सापडलंय, यंत्र फिरवता का. यंत्र डाव्या बाजूलाच नव्हे तर दोन्ही खांद्यांवर, पाठीवर, छातीपर्यंत फिरवायला सांगा. चिप सरकते. परदेशी मालकाच्या कुत्र्यात ती मुळातच दोन खांद्यांच्या मध्ये असू शकते.

नंबर 15 आकडी असतो. तो कागदावर लिहून घ्या. पहिले तीन आकडे कधी देश सांगतात: 724 स्पेन, 620 पोर्तुगाल, 250 फ्रान्स, 276 जर्मनी, 826 ब्रिटन. 9 ने सुरू होणारे तीन आकडे देशाचे नसतात, चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात, आणि स्पेनमध्ये तशा चिप भरपूर आहेत. त्यामुळे 9 दिसला म्हणून परदेशी समजू नका.

चिपचे नंबर आणि मालक यांची नोंदवही देशभर एक नाही. आंदालुसियाची राइया, वालेन्सियाची रिविया, माद्रिदची रियाक, कास्तिया-लिओनची सियासिल, अशी प्रत्येक प्रांताची वेगळी. त्यांना जोडणारं देशव्यापी जाळं म्हणजे रेइयाक. शेजारच्या प्रांतातून चुकून आलेलं कुत्रं स्थानिक नोंदवहीत सापडलं नाही तर लोक «नोंदच नाही» म्हणून परत पाठवतात. «एन एल रेइयाक ताम्बियेन?» एवढं विचारा, म्हणजे त्यातही शोधा. परदेशी नंबर असेल तर युरोपेटनेट या युरोपभरच्या जाळ्यावर शोधतात. मालकाचं नाव-फोन तुम्हाला देणार नाहीत, खासगी माहितीचा कायदा आड येतो. फोन तेच करतील. त्यात गैर काही नाही.

नंबर सापडला तरी फोन बंद असणं, मालक वारलेला असणं, पत्ता दहा वर्षं जुना असणं हे नेहमीचं. शिकारी कुत्र्याच्या मानेवर डाव्या बाजूला जुना कापल्याचा व्रण असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ओळख पटू नये म्हणून चिप कापून काढल्याचे प्रकार होतात. असं काही दिसलं की प्रकरण ग्वार्दिया सिविलच्या निसर्गरक्षण शाखेकडे, म्हणजे सेप्रोनाकडे जातं. फोन 062.

आयुन्तामिएन्तोत नोंद

हरवलेली आणि टाकून दिलेली जनावरं उचलणं ही नगरपालिकेची, म्हणजे आयुन्तामिएन्तोची जबाबदारी आहे. 29 सप्टेंबर 2023 पासून लागू झालेल्या 7/2023 या प्राणीकल्याण कायद्यात ते स्पष्ट आहे. शिकारीची कुत्री या कायद्यातून वगळली आहेत, यावर तिथे भरपूर भांडण झालं. पण टाकून दिलेलं कुत्रं उचलायचं काम त्यामुळे टळत नाही.

कायदा मोठा आणि गाव छोटं, अडचण इथे येते. तीनशे वस्तीच्या गावात कार्यालय सकाळी नऊ ते दोन, आणि सचिव तीन गावांत मिळून एकच, त्यामुळे तुमच्या गावात दोनच दिवस. कुत्रं उचलायचं कंत्राट जिल्हा परिषदेकडे, म्हणजे दिपुतासियोनकडे किंवा खासगी कंपनीकडे. गाडी उद्या येते, कधी चार दिवसांनी. शुक्रवारी दुपारी दोननंतर कुत्रं सापडलं तर सोमवारपर्यंत ते तुमच्याकडेच आहे असं धरून चाला.

म्हणून तोंडी सांगून परत येऊ नका. इन्स्तान्सिया, म्हणजे साधा अर्ज भरा: सापडल्याची तारीख-वेळ, जागा, वर्णन, चिप नंबर किंवा «चिप नाही», दोन फोटो, आणि कुत्रं तूर्त माझ्या ताब्यात आहे हे वाक्य. शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. कार्यालय बंद असेल तर ग्वार्दिया सिविलला फोन करून नोंद करून ठेवा. या कागदाशिवाय तिसऱ्या दिवशी मालक दारात उभा राहिला तर त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याचं कुत्रं लपवलेलं असतं. कागद असेल तर उलट: दिवाणी संहितेच्या 611 व्या कलमाप्रमाणे मालक माहीत असेल तर कुत्रं परत द्यायचं, आणि औषधपाण्याचा व सांभाळाचा खर्च त्याच्याकडून मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी पावत्या, म्हणजे फाक्तुरा, तुमच्या नावाच्या आणि तारखेच्या हव्यात. डॉक्टरांच्या बिलावर 21 टक्के कर लागतो, तो धरून हिशेब करा. मारहाणीच्या खुणा असतील तर मात्र थेट मालकाला द्यायचं नाही. आधी अधिकाऱ्यांना कळवायचं, तेही त्याच कलमात आहे.

गावात बातमी पसरवायला बार, औषधाचं दुकान, बेकरी आणि गावाचा व्हॉट्सॲप गट या चार जागा पुरतात. काही गावांत अजून लाउडस्पीकरवर दवंडी देतात, तिला बान्दो म्हणतात. शिकारी कुत्रं असेल तर स्थानिक शिकारी मंडळाच्या अध्यक्षाला विचारा, बारवाल्याकडे त्याचा नंबर असतोच. फोटो टाका, पण एक खूण गाळून: पांढरा पंजा, फाटका कान, काहीतरी. «माझंच» म्हणणाऱ्याला ती विचारायची.

आजार

आपल्याला कुत्रं चावलं की आधी रेबीज आठवतो. स्पेनच्या मुख्य भूमीवर 1978 नंतर कुत्र्यांमध्ये स्थानिक रेबीज नाही. 2013 मध्ये तोलेदोत मोरोक्कोहून आलेल्या एका कुत्र्यामुळे घबराट झाली होती, तेवढीच. सेउता आणि मेलिया ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची शहरं वेगळी धरायची. तरी चावा म्हणजे चावा: पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, सेन्त्रो दे सालुदमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. कुत्रं 14 दिवस देखरेखीखाली ठेवतात. म्हणूनच चावलेलं कुत्रं हाकलून द्यायचं नाही. ते हाताशी असलं की तुमचे उपचार सोपे होतात.

तिथे खरी भीती लेइश्मानियाची. बिहारातला काला आजार ज्या कुळातल्या परजीवीमुळे होतो, त्याच कुळातला हा. फरक असा की आपल्याकडे तो माणसांतून माणसांत जातो, आणि भूमध्य भागात त्याचं घर म्हणजे कुत्रं. सँडफ्लाय नावाची मच्छरापेक्षा बारीक माशी तो पसरवते, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. कुत्र्याला हात लावून तुम्हाला तो होत नाही. डोळ्यांभोवतीचे केस गेलेले, नखं वेडीवाकडी वाढलेली, कानांच्या कडांना खपल्या, नाकातून रक्त: ही लक्षणं. रक्ताची चाचणी पहिल्याच भेटीत करून घ्या. पण नुकताच संसर्ग झाला असेल तर ती निगेटिव्ह येते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा. आजार पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांवर आटोक्यात राहतो आणि कुत्रं वर्षानुवर्षं ठीक जगतं. पहिला उपाय डेल्टामेथ्रिनचा गळपट्टा. तो घातल्यावर पूर्ण काम करायला आठवडा घेतो, म्हणून एप्रिल उजाडायची वाट बघू नये. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनची खबरदारी इथेही घ्या.

जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, आणि त्यात प्राझिक्वान्टेल असू द्या. मेंढ्यांच्या भागात कुत्र्यांना कच्ची आतडी-काळीज मिळतं, त्यातून एक बारीक पट्टकृमी येतो आणि त्याची अंडी माणसाच्या यकृतात गाठ करतात. फेब्रुवारी ते एप्रिल पाइनच्या झाडांखाली रांगेने चालणारे केसाळ सुरवंट दिसतात. कुत्र्याने त्यांना तोंड लावलं की जीभ सुजून काळी पडू लागते. तोंड पाण्याने धुवा, घासू नका, आणि तडक डॉक्टर. मे-जूनमध्ये कुत्रं एकाएकी डोकं झटकू लागलं किंवा सारखं शिंकू लागलं तर कानात-नाकात गवताचं कुसळ गेलेलं असतं. ते पुढेच सरकतं, आपोआप बाहेर येत नाही.

कुणीच आलं नाही तर

नगरपालिकेने नेलेलं कुत्रं ठराविक दिवस मालकासाठी थांबवतात. मुदत प्रांताप्रमाणे, साधारण 10 ते 20 दिवस. ती संपली की ते दत्तक जाऊ शकतं. निव्वळ जागा नाही म्हणून मारून टाकायला नव्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नेऊ दिलं म्हणजे मरणाला दिलं असं समजू नका. मात्र प्राणिसंस्था, तिथल्या भाषेत प्रोतेक्तोरा, कायम भरलेल्या असतात. «तुम्हीच महिनाभर सांभाळा, खाणं आणि औषध आम्ही देतो» असं त्या म्हणतात. याला कासा दे आकोखिदा म्हणतात, आणि जमत असेल तर तो चांगला मार्ग आहे. करारावर सही करा, औषधाचा खर्च कोण देणार ते त्यात लिहून घ्या.

स्वतःच ठेवायचं असेल तर अर्जातच तसं लिहा, मुदत संपल्यावर तुमचा विचार आधी होतो की नाही ते विचारा. मुदतीआधी नव्या चिपची घाई करणारा डॉक्टर मिळाला तरी करू नका. मुदत संपली की चिप, लस, मग तुमच्या नावावर नोंद. जुनी चिप असेल तर नवी घालत नाहीत, मालकाचं नाव बदलतात, आणि त्यासाठी आधीच्या मालकाची सही किंवा नगरपालिकेचं पत्र लागतं. नाव बदलल्याचा कागद हातात आला की महिन्याभराने डॉक्टरांना नंबर पुन्हा नोंदवहीत बघायला सांगा. फोन नंबरात एक आकडा चुकलेला असणं फार साधं आहे, आणि ते कुत्रं पुन्हा हरवेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.